प्रिंटर रात्री आपोआप पानं छापतो, दुरुस्त केला तरी पुन्हा छापतो: नेमकं कुठे पाहायचं?

तक्रार साधारण अशी असते. सकाळी ऑफिस उघडलं तर प्रिंटरच्या ट्रेमध्ये दहा-वीस पानं पडलेली. कुणीच छापायला दिलेली नाहीत. बहुतेक पानांवर वरच्या कोपऱ्यात इंग्रजीच्या दोन-चार ओळी, बाकी पान कोरं. कधी नुसतीच चित्रविचित्र चिन्हं. इंजिनिअर येतो, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतो, प्रिंटर रीसेट करतो. थोडे दिवस शांततेत जातात आणि मग पुन्हा तेच. नागपुरात धरमपेठेतल्या सीएच्या ऑफिसपासून बुटीबोरीच्या कारखान्यापर्यंत ही तक्रार मी ऐकली आहे आणि उन्हाळ्यात पहिला संशय हमखास कूलरवर जातो.

कूलरचा दोष असतोही, पण वेगळा. त्याच्या ओल्या हवेने कागद सर्दावतो, कडा वळतात, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, जॅम होतो. रीम बंद डब्यात ठेवली की तो त्रास कमी होतो. पण कूलर इंग्रजी लिहीत नाही. पानावर मजकूर आहे म्हणजे तो कुणीतरी पाठवलाय, आणि कुणी पाठवलाय ते बऱ्याचदा त्या पानावरूनच कळतं. त्यामुळे पहिली विनंती: ती पानं रद्दीत टाकू नका आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेबही करू नका. तारीख आणि अंदाजे वेळ लिहून एका फाइलला लावा.

पानावर काय आहे ते वाचा

सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि लगेच ‘पीएस-अडोबी’ असं काही छापलेलं असेल, किंवा ‘@पीजेएल’ने सुरू होणाऱ्या ओळी असतील, आणि पुढे कितीतरी पानं अगम्य मजकूर असेल, तर ते आपल्याच ऑफिसातलं काम आहे. एका मॉडेलचा ड्रायव्हर दुसऱ्या मॉडेलला लावला की प्रिंटरला भाषा कळत नाही आणि तो आज्ञाच अक्षरं म्हणून छापत बसतो. ते काम संगणकाच्या स्पूलरमध्ये, म्हणजे छपाईच्या रांगेत, अडकलेलं असतं, म्हणून संगणक सुरू केला की पुन्हा येतं. रांग रिकामी करा, योग्य ड्रायव्हर टाका, मामला मिटला. ही सोपी गोष्ट आहे, तिच्यात जास्त वेळ घालवू नका.

पानावर कुणाचं तरी रेल्वेचं तिकीट, शाळेचा प्रकल्प, लग्नाच्या पत्रिकेचा मसुदा असं खरंखुरं काही असेल, तर शेजारच्याचा मोबाइल तुमच्या प्रिंटरला जोडला गेलाय. सीताबर्डी-रामदासपेठेतल्या कॉम्प्लेक्समध्ये भिंतीपलीकडे दुसरं ऑफिस असतं, आणि अनेक प्रिंटर ‘डायरेक्ट’ने सुरू होणाऱ्या नावाचं स्वतःचं वायफाय सोडत असतात. कित्येक मॉडेलांत त्याचा मूळ पासवर्ड १२३४५६७८ असतो. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वायफाय डायरेक्ट बंद करा. ऑफिसचं वायफाय येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला देत असाल तर पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क काढा.

आता तिसरा प्रकार, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. पानावर ‘गेट’ हा शब्द, मग एक तिरकी रेघ, मग ‘एचटीटीपी/१.१’. खाली कदाचित ‘होस्ट’ आणि ‘युजर-एजंट’ने सुरू होणाऱ्या ओळी. ही वेबसाइट मागवताना ब्राउझर पाठवतो ती विनंती आहे. म्हणजे कुणीतरी, बहुधा एखाद्या स्वयंचलित प्रोग्रॅमने, तुमच्या प्रिंटरला वेबसाइट समजून हाक मारली, आणि प्रिंटरने ती हाक इमानदारीने कागदावर उतरवली.

असं होतं याचं कारण पोर्ट ९१००. पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या संदेशांसाठीचा क्रमांक दिलेला दरवाजा. एचपीच्या जेटडायरेक्ट कार्डांपासून रूढ झालेली ही पद्धत आज जवळपास सगळ्याच कंपन्यांच्या नेटवर्क प्रिंटरमध्ये असते. या पोर्टवर नाव विचारलं जात नाही, पासवर्ड विचारला जात नाही, जे येईल ते छापलं जातं. ऑफिसच्या चार भिंतींत हे सोयीचं आहे. पण पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला दिसू लागला की जगभर फिरणारे, उघडे पोर्ट शोधणारे स्कॅनर प्रोग्रॅम त्यावर येऊन आपटतात. त्यांना तुमचं ऑफिस माहीत नसतं, तुमच्याशी वैरही नसतं, ते पत्त्यामागून पत्ता ठोठावत जातात. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका हॅकरने याच पोर्टवरून सुमारे ५० हजार प्रिंटरांवर एका यूट्यूबरची जाहिरात छापली होती. त्याच्या सांगण्यानुसार असे उघडे प्रिंटर त्याला आठ लाख सापडले होते. निवडलेल्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांचा पोर्ट उघडा होता.

हाक आतून आली की बाहेरून?

लगेच बाहेरच्यांवर ठपका ठेवू नका. काही अँटिव्हायरसमध्ये नेटवर्क तपासण्याची सोय असते, मोठ्या ऑफिसात संगणकांची यादी ठेवणारं किंवा त्रुटी शोधणारं सॉफ्टवेअर असतं. तीही आतल्या प्रत्येक पत्त्यावर पोर्ट ठोठावतात आणि प्रिंटर हीच पानं बाहेर टाकतो. वेळ ठरावीक असेल, म्हणजे दर सोमवारी किंवा रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत, तर आधी अँटिव्हायरसचं वेळापत्रक बघा. त्यात प्रिंटरचा पत्ता वगळता येतो.

वेळेचा काहीच मेळ नसेल, पहाटे तीनलाही पानं येत असतील, तेव्हा ऑफिस बंद करताना प्रिंटर चालू ठेवा आणि सगळे संगणक बंद करा. तरीही सकाळी पानं निघाली, तर दुसऱ्या रात्री राउटरला येणारी इंटरनेटची वायर काढून ठेवा. त्या रात्री शांतता असेल तर पाहुणा बाहेरचा आहे. (कॅमेरे मोबाइलवर दिसणार नाहीत, मालकांना आधी सांगा, नाहीतर रात्री अकराला फोन येतो.)

आता राउटरच्या पानावर इंटरनेटकडच्या बाजूचा, म्हणजे ‘वॅन’चा आयपी पत्ता पाहा आणि ‘माझा आयपी काय’ असं शोधून मिळणारा पत्ता त्याच्याशी जुळवा. दोन्ही सारखे असतील तर तुमचा पत्ता थेट इंटरनेटवर आहे. वेगळे असतील, आणि राउटरमधला १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. मग त्या वाटेने बाहेरून कुणी सहसा आत येऊ शकत नाही. मात्र आयपीव्ही६ ची, म्हणजे नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांची, वाट शिल्लक राहते. त्यात प्रिंटरला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो, आणि राउटरची व्ही६ फायरवॉल बंद असेल तर तो उघडा पडतो. ऑफिसात आयपीव्ही६ ची गरज नसेल तर निदान प्रिंटरमध्ये तरी ते बंद करा.

खात्री करायची सगळ्यात सरळ पद्धत अशी. मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू ठेवा. ब्राउझरमध्ये ऑफिसचा बाहेरचा आयपी पत्ता, पुढे कोलन आणि ९१०० टाका. मोबाइलवर काही दिसणार नाही, तो नुसता फिरत राहील. पान बंद करा आणि मिनिटभर प्रिंटरकडे बघा. ‘गेट’वालं पान बाहेर आलं, तर तुम्ही स्वतः तेच केलंत जे रात्री कुणीतरी करतं. हे अर्थात फक्त आपल्याच ऑफिसच्या पत्त्यावर करायचं.

पान आलं नाही, तर मात्र ‘सगळं ठीक आहे’ असं घाईने म्हणू नका. कारण पुढचा प्रकार.

पोर्ट फॉरवर्डिंगची यादी रिकामी, तरी पानं चालूच

गांधीबागेतल्या एका ठोक कापड व्यापाऱ्याच्या ऑफिसची गोष्ट. तिथे दोन जण आधी येऊन गेले होते. दोघांनीही राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून ठरावीक पोर्टवर येणारं आतल्या कुठल्या यंत्राकडे वळवायचं याची यादी, पाहिलं, ती रिकामी होती, म्हणून दोघांनीही प्रिंटरला दोष दिला. एकाने तर बोर्ड बदलायचा खर्चही सांगून ठेवला होता. खरा धागा दिवाणजींच्या हातात होता. ते म्हणाले, “लाइट गेली न भाऊ, की मंग दुसऱ्या दिवशी हा कागद फेकून राहते. दर वेळी नाही, पण फेकते.”

लाइटचा आणि पानांचा संबंध काय? राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगच्या शेजारी ‘डीएमझेड’ नावाची आणखी एक जागा असते. तिथे आतला एक पत्ता लिहिला की बाहेरून येणारं सगळं, कुठल्याही पोर्टवरचं, त्या पत्त्याकडे वळवलं जातं. तिथे १९२.१६८.१.१० लिहिलेलं होतं. कधीकाळी कॅमेऱ्यांचा डीव्हीआर बसवणाऱ्याने मालकांना घरून दुकान दिसावं म्हणून ते केलं होतं. पुढे डीव्हीआर बदलला, नवीन डीव्हीआर कंपनीच्या ॲपवरून चालू लागला, त्याला या वाटेची गरज उरली नाही. पण राउटरमधली नोंद तशीच राहिली.

आता लाइट गेली की राउटर, प्रिंटर, संगणक सगळे बंद. परत आली की जो आधी उठेल त्याला राउटर पत्ते वाटत जातो. कधी .१० प्रिंटरला मिळायचा, कधी टॅलीच्या संगणकाला, कधी कुणालाच नाही. प्रिंटरला मिळाला की पानं सुरू. पुन्हा लाइट गेली किंवा कुणी राउटर बंद-चालू केला की पत्ता बदलायचा आणि पानं थांबायची. इंजिनिअर आल्यावर पहिलं काम काय करतो? सगळं बंद-चालू. त्यामुळे प्रत्येक इंजिनिअरला आपण दुरुस्त केलं असंच वाटलं.

मला यातली पानं फारशी गंभीर वाटत नाहीत. ज्या दिवशी .१० टॅलीच्या संगणकाकडे असायचा त्या दिवशी एकही पान निघायचं नाही, सगळ्यांना बरं वाटायचं, आणि तेव्हाच हिशेबाचा संगणक इंटरनेटसमोर उघडा असायचा. प्रिंटर निदान कागद टाकून बोंब तरी मारत होता.

म्हणून पानं येत असलेल्या दिवशीच प्रिंटरच्या पॅनलवरून नेटवर्क रिपोर्ट छापून ठेवा. त्यावर त्या वेळचा आयपी पत्ता असतो. मग राउटरमध्ये तीन जागा बघा: पोर्ट फॉरवर्डिंग (काही राउटरांत तिला ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ म्हणतात), डीएमझेड आणि यूपीएनपी. हे तिसरं विशेष लबाड. यूपीएनपी चालू असेल तर आतलं कुठलंही उपकरण राउटरला परस्पर सांगून आपल्यासाठी वाट उघडून घेऊ शकतं, तुम्हाला न विचारता. ऑफिसात ते बंदच असावं.

बंदोबस्त, आणि तो टिकत का नाही

राउटरमधल्या या तीनही जागा साफ केल्या की पानं थांबतात. बरेच लोक इथेच थांबतात आणि वर्षभरात पुन्हा फोन करतात. कारण वळवाच्या पावसात वीज कडाडून राउटर जळतो, नवा येतो, त्यात सगळं मूळ सेटिंग. किंवा साहेबांना घरून प्रिंट काढायची हौस येते आणि कुणीतरी ९१०० पुन्हा उघडून देतो. घरून छापायचंच असेल तर राउटरवर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची कुलूपबंद वाट, लावा. ते जमत नसेल तर पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवा आणि ऑफिसातल्या मुलाला छापायला सांगा. गंमत म्हणून म्हणत नाही, बहुतेक छोट्या ऑफिसांना एवढं पुरतं.

दुसरा बंदोबस्त प्रिंटरमध्येच हवा, म्हणजे राउटर बदलला तरी तो टिकेल. प्रिंटरमध्ये एक कायमचा पत्ता हाताने भरा आणि राउटरमध्येही तोच त्याच्यासाठी राखून ठेवा. प्रिंटरच्या वेब पानावर आयपी फिल्टर किंवा ॲक्सेस कंट्रोल असेल तर फक्त ऑफिसच्या पत्त्यांना परवानगी द्या. पत्त्यांची मर्यादा टाकताना दोनदा वाचा, आपलाच संगणक बाहेर राहिला तर प्रिंटर रीसेट करण्यावाचून गत्यंतर नसतं. टेलनेट, एफटीपी, वापरात नसेल तर एलपीडी, या जुन्या सेवा बंद करा. आणि ज्या प्रिंटरमधून मेल जात नाही, स्कॅन फक्त ऑफिसातल्या संगणकावर येतं, त्याच्या सेटिंगमधला ‘गेटवे’, म्हणजे बाहेर जायच्या वाटेचा पत्ता, रिकामा ठेवा. बाहेरून माहितीचं एखादं पाकीट आत आलंच तरी प्रिंटरला उत्तर बाहेर पाठवता येत नाही आणि संभाषण जुळतच नाही. फर्मवेअर (मशिनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायच्या दिवशी तेवढा गेटवे भरायचा.

इथून पुढे एक खड्डा आहे, त्यात जवळपास प्रत्येक जण पडतो. प्रिंटरमध्ये एसएनएमपी नावाची सेवा असते, तिचा मूळ परवलीचा शब्द ‘पब्लिक’ असतो. तो ठेवणं बरं नाही, त्यातून मॉडेल, सिरियल नंबर अशी माहिती कुणालाही वाचता येते. म्हणून तुम्ही एसएनएमपी बंद करता. दुसऱ्या दिवशी विंडोजवाले संगणक म्हणतात, प्रिंटर ‘ऑफलाइन’. प्रिंटर धडधाकट असतो, पण विंडोज त्याची खुशाली एसएनएमपीवरूनच विचारत असतं. ऑफिसात गोंधळ, कुणीतरी इंजिनिअरला बोलावतो, तो फॅक्टरी रीसेट मारतो, आणि तुम्ही लावलेली सगळी कुलपं एका बटणात उघडतात. हे टाळायचं तर संगणकावर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’, तिथे ‘कॉन्फिगर पोर्ट’, आणि खालची ‘एसएनएमपी स्टेटस इनेबल्ड’ची खूण काढा. प्रत्येक संगणकावर. मगच प्रिंटरमधलं एसएनएमपी बंद करा. क्रम उलटा झाला की दिवस जातो.

फॅक्टरी रीसेटचं दुसरं कारण पासवर्ड. तुम्ही बदलता, सोडून गेलेल्या मुलालाच तो माहीत असतो, एएमसीवाला दारात उभा असतो. मग रीसेट. त्यामुळे ॲडमिन पासवर्ड बदला आणि तो कपाटातल्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. प्रिंटरला चिकटवू नका, पण कपाटात लिहायला लाजू नका. त्याच पानावर कुठली सेटिंग बदलली तेही लिहा, म्हणजे बोर्ड बदलला तरी पाच मिनिटांत ती परत लावता येतील.

‘आमच्या मशिनला कारखान्यातूनच वेगळा पासवर्ड आहे, मागे स्टिकरवर’ असं कुणी म्हणेल. जून २०२५ मध्ये रॅपिड७ या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की ब्रदरच्या ६८९ मॉडेलांत हा मूळ पासवर्ड सिरियल नंबरवरून तयार केलेला असतो. सिरियल नंबर मिळाला की पासवर्ड काढता येतो, आणि सिरियल नंबर मिळवण्याची वाटही त्यांनी दाखवली. पद्धत कारखान्यातलीच असल्याने आधी विकलेल्या मशिनींत फर्मवेअरने हे पूर्ण सुधारता येत नाही, असं कंपनीनेही सांगितलं. उपाय जुनाच: पासवर्ड स्वतः बदलणं.

फर्मवेअरबद्दल लोक काचकूच करतात, आणि त्याला कारण आहे. काही प्रिंटर अपडेटनंतर परक्या चिपची कार्ट्रिज नाकारतात. रिफिलवर चालणाऱ्या ऑफिसला हा थेट खर्च आहे, त्यामुळे त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. माझं मत असं: ज्या मशिनमधून मेल किंवा स्कॅन जातं, तिथे अपडेट करावंच. नुसती छपाईची छोटी मशिन असेल, गेटवे रिकामा आणि फिल्टर लावलेला असेल, तर अपडेटशिवायही चालवून घेता येईल. ती पहिल्या नंबरची सोय नाही, दुसऱ्या नंबरची आहे.

पानांपेक्षा आत काय आहे ते बघा

कागद आणि टोनर वाया जाणं हा या प्रकारातला सगळ्यात स्वस्त तोटा. स्कॅन करून मेल पाठवणाऱ्या मशिनमध्ये ऑफिसच्या मेलचा पासवर्ड असतो. फोल्डरमध्ये स्कॅन टाकणाऱ्या मशिनमध्ये विंडोजचा युजर आणि पासवर्ड असतो. ॲड्रेस बुकात ग्राहकांचे मेल पत्ते असतात. वेब पानावर पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, म्हणून आपण निश्चिंत. पण ॲडमिन पानात शिरलेला माणूस ठिपके वाचायच्या भानगडीत पडत नाही. तो मेल सर्व्हरचा पत्ता बदलून स्वतःचा टाकतो आणि चाचणीचं बटण दाबतो. मशिन भाबडेपणाने पासवर्ड त्याच्याकडे पाठवून देतं. याला पास-बॅक हल्ला म्हणतात, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये झेरॉक्सच्या व्हर्सालिंक मालिकेतला हा प्रकार उघड झाला; कंपनीने त्यावर सुधारणा काढली आहे.

जर्मनीतल्या रूर विद्यापीठ बोखुम इथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये २० प्रिंटर तपासले, तेव्हा प्रत्येकात काही ना काही हल्ला लागू पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की एका सरकारी पाठबळ असलेल्या रशियन हॅकर गटाने ऑफिसांच्या नेटवर्कमध्ये पाय ठेवायला इंटरनेट फोन, व्हिडिओ डिकोडर आणि प्रिंटर वापरले. दोन ठिकाणी मूळ पासवर्ड बदललेला नव्हता, तिसऱ्या ठिकाणी अपडेट टाकलेलं नव्हतं. आपल्या इतवारीतल्या दुकानावर कुठला देश चालून येणार नाही हे मान्य. पण सीएच्या ऑफिसातून रोज पॅन, आधार आणि बँकेची पासबुकं स्कॅन होतात, धंतोलीतल्या दवाखान्यातून रिपोर्ट छापले जातात, हायकोर्टाच्या वकिलांकडे अशिलांची शपथपत्रं. एवढं पुरेसं आहे.

मेलसाठी ऑफिसचा मुख्य पासवर्ड प्रिंटरमध्ये टाकूच नका. फक्त स्कॅनसाठी वेगळं खातं काढा, त्यातून ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त त्या मशिनपुरता वेगळा पासवर्ड, घ्या. गुगलने ३० मे २०२२ पासून नुसत्या पासवर्डवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीला फाटा दिला, तेव्हा पुष्कळ ठिकाणी ‘स्कॅन मेल बंद पडलं’ म्हणून ओरड झाली होती. प्रत्यक्षात तो फायदा होता.

फोल्डर स्कॅनचं दुखणं विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर वाढलं. ती आवृत्ती पासवर्डशिवायचा पाहुणा आत घेत नाही आणि डिजिटल सही नसलेलं एसएमबी (विंडोजची फाइल देवाणघेवाणीची पद्धत) संभाषण नाकारते. जुनी मशिन अडकते. यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे एसएमबी१ चालू करा, फोल्डर ‘एव्हरीवन’ला मोकळा करा. एसएमबी१ ही त्याची जुनी आवृत्ती, म्हणजे मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ज्या वाटेने पसरला तीच. त्याऐवजी संगणकावर ‘स्कॅन’ नावाचा साधा युजर काढा, त्याला पासवर्ड द्या, एकच फोल्डर त्याला लिहिण्यापुरता उघडा. मशिन फारच जुनी असेल आणि नवं एसएमबी बोलतच नसेल, तर संगणकावरच्या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमधून स्कॅन ओढून घ्या, किंवा पेनड्राइव्ह वापरा.

तसाच दुसरा प्रसिद्ध इलाज ‘०एक्स०००००११बी’ या एररचा. एका संगणकावरून शेअर केलेला प्रिंटर दुसऱ्यावर जोडताना सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर हा एरर दिसू लागला. व्हिडिओंमध्ये सांगतात, रजिस्ट्रीत एक आकडा शून्य करा. एरर जातो, कारण ज्या सुरक्षेमुळे तो येत होता तीच तुम्ही काढून टाकलेली असते. त्याच वर्षी जुलैत ‘प्रिंटनाइटमेअर’ या विंडोजच्या छपाई सेवेतल्या त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टला वेळापत्रकाबाहेर तातडीचं अपडेट काढावं लागलं होतं, हे ध्यानात असू द्या. प्रिंटर नेटवर्कचा असेल तर शेअर करायचीच गरज नाही. प्रत्येक संगणकावर तो त्याच्या आयपी पत्त्याने सरळ जोडा. यूएसबीचाच असेल तर दोन्ही संगणक पूर्ण अपडेट करा.

भाड्याची मशिन

डिसेंबरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर किंवा निवडणुकीच्या काळात पंधरा दिवसांसाठी मोठी झेरॉक्स मशिन भाड्याने घेणाऱ्यांनी एक पाहावं. मोठ्या मशिनींत हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या, स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रती तिच्यात उरू शकतात. अमेरिकेत एका आरोग्य विमा कंपनीने भाड्याची मशिन डिस्क न पुसता परत केली, तर २०१३ मध्ये तिला १२,१५,७८० डॉलर भरावे लागले. मशिन परत देताना डिस्क ‘ओव्हरराइट’ करायचा पर्याय सेटिंगमध्ये शोधा, ॲड्रेस बुक आणि मेलचा पासवर्ड पुसा. आणि मशिन येते तेव्हाही रीसेट करून घ्या, आधीच्या ग्राहकाने काय उघडून ठेवलंय कुणास ठाऊक. इथे मात्र रीसेट आपल्या बाजूचा.

ॲडमिन पानाच्या लॉगमध्ये अनोळखी पत्त्यावरून लॉगिन दिसलं, मेल सर्व्हरचा पत्ता बदललेला दिसला, तर ते फक्त पानांचं प्रकरण राहत नाही. लॉगचे फोटो काढा, मशिनमध्ये ठेवलेले सगळे पासवर्ड बदला. कंपन्यांसाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, त्यांत नमूद प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात. तुमच्या सीएला किंवा वकिलाला विचारा, पण दुसऱ्या दिवशी नको.

हे सगळं करून, नेटवर्कची वायर काढून, वायफाय बंद करूनही पानं येत असतील, तर मशिनच्या मागे टेलिफोनची वायर आहे का पाहा. फॅक्स असलेल्या जुन्या ऑल-इन-वनमध्ये लाइन कधीची जोडलेली राहते आणि रात्री जाहिरातींचे फॅक्स येत राहतात. फॅक्स वापरत नसाल तर ती वायर काढून टाका, ऑगस्ट २०१८ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने नुसत्या फॅक्स लाइनवरून ऑल-इन-वनचा ताबा घेऊन दाखवला होता. तीही वायर नसेल, यूएसबीही काढलेली असेल आणि तरी कागद सुटत असेल, तर मग बोर्ड बदलायचा खर्च सांगणारा इंजिनिअर बरोबर असू शकतो.